चेनसॉ गरम झाला की बंद पडतो, प्लगला ठिणगी देणारी कॉइल गेली असेल का?

जुनं_इंजिन:
माझा चेनसॉ जुना आहे, ५० सीसीच्या आसपासचा, वीसेक वर्षं तरी झाली असतील. थंड असताना तिसऱ्या दोरीला चालू होतो, पंधरा मिनिटं झकास कापतो आणि मग ओंडक्यात मधेच गपकन बंद. आधी भुरभुरतो, दम टाकतो असं काही नाही, कोणीतरी स्विच बंद केल्यासारखा. मग दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ येते पण हूं नाही की चूं नाही. अर्धा तास ठेवला की परत शहाण्यासारखा चालू. प्लग नवीन टाकला, एअर फिल्टर धुतला, कार्ब (कार्बोरेटर) उघडून साफ केला. मल्टिमीटर लावला तर कॉइलचं रीडिंग येतंय, म्हणजे कॉइल चांगली आहे असं धरू का?

करवत_दादा:
कॉइलच गेली, डोळे झाकून बदल.

तेलकट_हात:
डोळे झाकून काही बदलू नकोस रे बाबा. हेच लक्षण टाकीच्या हवेच्या भोकाचंही असतं. ते बुजलं की पेट्रोल कमी होईल तसा टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि पंधरा-वीस मिनिटांत इंजिन उपाशी मरतं, आणि अर्धा तास ठेवल्यावर हळूहळू हवा आत जाते म्हणून परत चालू, मग आपण कॉइलला शिव्या देत बसतो. पुढच्या वेळी बंद पडला की लगेच टाकीचं झाकण सैल कर. सुस्स करून हवा आत गेली आणि चालू झाला तर प्रश्न मिटला. फक्त तुझा गपकन बंद पडतोय म्हणतोस, पेट्रोल तुटलं की बहुतेक वेळा आधी आवाज चढतो, लडबडतो, मग मरतो. म्हणून मलाही थोडा संशय कॉइलचाच आहे, पण बघून ठरव.

आणि मल्टिमीटरचं म्हणशील तर तू कॉइल थंड असताना मोजलीस ना? आतली तार केसाहून बारीक, हजारो वेढे. गरम झाल्यावर कुठेतरी चीर उघडते नाहीतर वेढ्यांमधलं इन्सुलेशन फुटतं, थंड झालं की सगळं परत जागेवर. शिवाय पॉइंट (जुन्या इंजिनांत ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) नसलेल्या कॉइलमध्ये आत इलेक्ट्रॉनिक्स असतं, ते ओहममध्ये दिसतच नाही. म्हणून ठिणगी बघायची ती गरम असतानाच, बंद पडल्यापासून दोन मिनिटांत. प्लगच्या वायरच्या टोपीत दुसरा प्लग घाल, त्याचा लोखंडी भाग सिलेंडरला नीट टेकव आणि दोरी ओढ. पण प्लगच्या भोकापासून लांब धर, तिथून पेट्रोलचा फवारा येतो. आणि वायर हवेत लोंबकळत ठेवून दोरी ओढू नकोस, करंटला वाट मिळाली नाही तर तो कॉइलच्या आतच वाट काढतो, चांगली कॉइलपण जाते.

खटपट्या:
वरच्याला जोडून. ठिणगी नसेल तर कॉइलवरची स्विचची बारीक वायर काढून परत बघा. ती कुठेतरी खरवडून बॉडीला लागत असते, आणि ती लागली म्हणजे स्विच बंदच समजा. वायर काढून इंजिन चालू झालं तर बंद कसं करायचं हे आधी ठरवा, चोक ओढला की गुदमरून बंद होतं.

अजून एक, माझा कायम काम चालू असताना नाही तर पेट्रोल भरायला थांबल्यावर रुसायचा. चालू असताना फ्लायव्हीलची (इंजिनाबरोबर फिरणारं चुंबकाचं चाक) पाती वारा घालत असतात, बंद केलं की वारा थांबतो आणि सिलेंडरची सगळी धग शेजारच्या कॉइलला.

जुनं_इंजिन:
आज बघितलं. झाकण सैल केलं, काही फरक नाही. ठिणगी नाही. स्विचची वायर काढली तरी नाही. मग घरी थंड झाल्यावर मस्त निळी ठिणगी, आणि हेअर ड्रायरने फक्त कॉइल चांगली तापवली तर परत गायब. आता खात्री पटली. नवी बसवताना कॉइल आणि फ्लायव्हीलच्या चुंबकात गॅप किती ठेवू?

तेलकट_हात:
हे बेस्ट केलंस. मॅन्युअल असेल तर त्यातला आकडा घे, नाहीतर बऱ्याच सॉना ०.२५ ते ०.३ मिमी चालतं, साधारण व्हिजिटिंग कार्डाएवढं. फ्लायव्हील फिरवून चुंबक कॉइलसमोर आण, मधे कार्ड घाल, स्क्रू सैल कर, चुंबक कॉइलला स्वतःच ओढून घेईल, तसेच स्क्रू आवळ आणि फ्लायव्हील फिरवून कार्ड काढ. त्याआधी चुंबकावरचा गंज आणि कॉइल बसते ती जागा पॉलिशपेपरने घासून घे, तिथूनच अर्थिंग मिळतं. एक पूर्ण फेरी हाताने फिरवून बघ, कुठे घासायला नको. आणि नंबर बघून कॉइल घे, काहींमध्ये आरपीएम लिमिटर (इंजिनाचा वेग मर्यादेपुढे जाऊ न देणारा) असतो काहींमध्ये नसतो, बदलली की कार्बचं ट्यूनिंगपण परत बघावं लागतं.

जुनं_इंजिन:
बसवली. पहिल्यांदा काहीच नाही, ठिणगी शून्य, म्हटलं नवीनच खराब निघाली, परत करायला निघालो होतो. मग कव्हर उघडलं तर स्विचची वायर कव्हरच्या कडेखाली चेपली गेलेली, तांबं उघडं पडून सिलेंडरला चिकटलेलं. आपलाच हलगर्जीपणा. टेप गुंडाळून खाचेतून नीट नेली. दुसऱ्या दोरीला चालू, काल सलग दोन टाक्या संपवल्या, मधे थांबून मुद्दाम गरम असतानाच परत चालू करून बघितला.

करवत_दादा:
मी पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं 😄