मदत हवी आहे : मेलबर्नमधील राखीव झुडपी जंगलातील ससे

मेलबर्नच्या एका उपनगरातील ओढ्याकाठच्या राखीव झुडपी जंगलात आम्ही स्वयंसेवक स्थानिक रोपे लावतो. परंतु १८५९ पासून ऑस्ट्रेलियात फोफावलेले युरोपीय ससे कोवळे शेंडे आणि खोडांच्या साली कुरतडून ती लागवड नष्ट करतात. रोपांना संरक्षक नळ्या लावल्या, कुंपणाची जाळी जमिनीत पुरली आणि ससे लपतात ती ब्लॅकबेरीची झुडपे टप्प्याटप्प्याने काढली, कारण त्यांत लहान पक्षीही आसरा घेतात. लगतच घरे असल्याने गोळीबार आणि १०८० हे विष शक्य नाही, तर पिंडोन या दुसऱ्या विषामुळे मेलेले ससे खाणाऱ्या शिकारी पक्ष्यांना धोका असल्याने ते मला मनापासून नको आहे. काही बिळे घरांच्या लाकडी ओट्यांखाली असल्याने तेथे धुरी देता येत नाही. सशांना मारण्यासाठी सोडलेल्या विषाणूतून त्यांची पिल्ले वाचून कायमची प्रतिकारक्षम होतात. म्हणून २०१७ मध्ये सोडलेला के-५ हा असा विषाणू पालिकेमार्फत विणीच्या हंगामाआधी वापरल्यास, त्यानंतर किती दिवसांनी उघड्यावरची बिळे खणून बुजवावीत?