मदत हवी आहे: साडेपाच वर्षांच्या मुलीला रूबी ब्रिजेसची गोष्ट मराठीतून कशी सांगावी?

सोनचाफा
मुलगी न्यू जर्सीत किंडरगार्टनला आहे. फेब्रुवारीत, ब्लॅक हिस्टरी मंथमध्ये, वर्गात रूबी ब्रिजेसची, म्हणजे गोऱ्या मुलांच्या शाळेत गेलेल्या ब्लॅक मुलीची, गोष्ट होणार आहे. त्याआधी घरी बोलायचं आहे. 'वर्णभेद' हा शब्द तिला झेपणार नाही. 'काळा' म्हणावं, तर आपल्या घरांत तो शब्द कौतुकाने येत नाही. शाळेबाहेर ओरडणाऱ्या गर्दीबद्दल सांगायचं का? आजी-आजोबाही सध्या इथेच आहेत.

पाटीपेन्सिल
'वर्णभेद' राहू द्या. या वयाला 'नियम' आणि 'हे बरोबर नव्हतं' एवढं पुरतं. पाच-सात मिनिटांत आटपा, आणि झोपायच्या वेळी सांगू नका. प्रश्न अंथरुणात घोळत राहतात.

साधारण असं: "न्यू ऑर्लिन्समध्ये गोऱ्या मुलांची शाळा वेगळी आणि ब्लॅक मुलांची वेगळी होती. मोठ्या माणसांनीच तसा नियम केला होता. तो चुकीचा होता. कोर्टाने तो मोडायला लावला. मग सहा वर्षांची रूबी नव्या शाळेत गेली." (तारीख १४ नोव्हेंबर १९६०, पण ती तुमच्यासाठी.) गर्दी एका वाक्यात सांगा: "बाहेर काही माणसं रागाने ओरडत होती, म्हणून चार मार्शल, म्हणजे सरकारी पोलीस, तिच्याबरोबर चालत होते." फोटो, व्हिडिओ नकोत. गर्दीत कुणीतरी छोट्या शवपेटीत काळी बाहुली घालून आणली होती. तो तपशील मुलगी बरीच मोठी होईपर्यंत थांबू शकतो.

रेंगाळायचं ते रिकाम्या वर्गापाशी. गोऱ्या पालकांनी मुलं काढून घेतली, आणि वर्षभर बार्बरा हेन्री या बाईंनी एकट्या रूबीला शिकवलं. बाकीची बाकं रिकामी. पकडापकडी खेळायला कुणी नाही. हे पाच वर्षांच्या मुलाला आतपर्यंत कळतं. इथे विचारा, "तिला काय वाटलं असेल?" आणि गप्प बसा, मनात दहापर्यंत मोजा. आपण घाईने स्वतःच उत्तर देतो आणि सगळं तिथेच फसतं.

बार्बरा हेन्री गोऱ्या होत्या, हे आवर्जून सांगा, नाहीतर 'गोरे म्हणजे दुष्ट' एवढंच डोक्यात राहतं. आणि 'फार पूर्वी' म्हणू नका. रूबीचा जन्म १९५४चा. "आजीच्या पिढीची" म्हटलं की गोष्ट 'एक होता राजा'च्या रांगेतून बाहेर येते.

निळीशाई
रंगाचं बोलणं या गोष्टीच्या आधी, वेगळ्या दिवशी करा. त्वचेचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो. तो बनवणाऱ्या पेशी सगळ्यांच्या अंगात साधारण सारख्याच संख्येने असतात. कुणाच्या जास्त मेलॅनिन बनवतात, कुणाच्या कमी. मग पोस्टर कलर काढा: पांढरा, पिवळा, थोडा तांबडा, तपकिरी. घरातल्या प्रत्येकाच्या मनगटाशी जुळणारा रंग बनवायचा. फिक्यापासून सुरुवात करून तपकिरी थेंबाथेंबाने घाला. उलट केलं तर अर्धी बाटली पांढरा ओतूनही जमत नाही. मनगटाची आतली आणि बाहेरची बाजूसुद्धा एका रंगाची नसते, हे तिचं तिलाच दिसेल. 'स्किन कलरचा खडू' म्हणजे कुणाच्या स्किनचा, हेही तेव्हाच विचारा. क्रेयोलाने 'फ्लेश' नावाच्या खडूचं नाव १९६२ मध्ये 'पीच' केलं.

शब्दाचं म्हणाल तर त्वचा 'तपकिरी' आणि समाजाचं नाव 'ब्लॅक', शाळेत म्हणतात तसंच. दुकानात मुलीने मोठ्याने "आई, ते बघ किती काळे!" म्हटलं, तर "शूऽऽ" करू नका. त्यातून ती एवढंच शिकते की तो रंग लाजिरवाणा आहे. शांतपणे "हो, त्यांची त्वचा गडद तपकिरी आहे, आपली फिकट" म्हणा आणि पुढे चला.

खरी अडचण घरातल्या 'पण'ची आहे. "सावळी आहे, पण नाकी-डोळी नीटस." हा 'पण' ऐकलेल्या मुलीला रूबीच्या शाळेचा नियम आधीच अर्धा शिकवून झालेला असतो. आजीला बाजूला घेऊन सांगा, मुलीसमोर नको. "उन्हात जाऊ नको, काळी होशील"च्या जागी "ऊन लागेल" म्हणता येतं. 'निग्रो', 'हबशी' हे शब्दही तेव्हाच बंद करायला सांगा.

आजोबांना मात्र कामाला लावा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं, इथून त्यांच्याशी बोलणं सुरू करा. रूबीनंतर दोन दिवसांनी त्यांनी नातीला महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट सांगावी: २० मार्च १९२७, बाबासाहेब आणि ओंजळभर पाणी. नाहीतर असले नियम फक्त अमेरिकेतच होते, असा तिचा समज होईल.

सोनचाफा
खूप आभार. "मी कुठल्या शाळेत गेले असते?" असं विचारलं तर?

पाटीपेन्सिल
विचारेलच. खरं सांगा: "ते दुसऱ्याच माणसांनी ठरवलं असतं, तुला न विचारता." मिसिसिपीत मार्था लुम या चिनी वंशाच्या मुलीला गोऱ्यांच्या शाळेतून काढलं आणि १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. ही माहिती तुमच्याजवळ असू द्या.

त्यानंतरचा प्रश्न "आता?" असतो. "आता तसा नियम नाही. पण रंगावरून कुणी कुणाला खेळायला घेतलं नाही, तर बाईंना आणि मला सांगायचं." मैदानावर लागणारं वाक्य इंग्रजीतच तयार ठेवा: "दॅट्स नॉट फेअर. शी कॅन प्ले टू." बाहुल्या घेऊन तीन-चार वेळा म्हणवून घ्या, ऐन वेळी मुलांना शब्द सुचत नाहीत.