ॲनिकचे जुने नकाशे बघायचेत, सुरुवात कुठून करू?

निळीशाई:
नमस्कार मंडळी, सध्या कामानिमित्त इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँडमधल्या ॲनिकला राहतोय. किल्ल्यामुळे गावाचं नाव लोकांना माहीत असतं, पण मला किल्ल्यापेक्षा गावच जास्त खुणावतंय. बाजाराचा भाग असा त्रिकोणी का, बाँडगेटवर दोन दुकानांच्या मधून बोळ आत जातो आणि मागे ही लांबच लांब आवारं, हे सगळं कधी आणि कसं झालं असेल? जुने नकाशे ऑनलाइन फुकट मिळतात का, आणि मिळाले तर त्यात नेमकं बघायचं काय?

पायवाट:
नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडची साइट उघडा, नावावर जाऊ नका, ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे इंग्लंडचे जुने नकाशेही तिथे फुकट आहेत. ६ इंचीवर (एका मैलाला ६ इंच) थांबू नका, २५ इंची म्हणजे १:२५०० वाला घ्या, त्यात प्रत्येक घर आणि आवाराची हद्द दिसते. 'साइड बाय साइड'मध्ये डावीकडे जुना नकाशा आणि उजवीकडे आजचा सॅटेलाइट फोटो ठेवता येतो, एकदा बसलात की रात्र कधी सरते कळत नाही. आधी रेल्वे शोधा. गावात येणारा रेल्वेचा फाटा १८५० चा, पण आत्ता जुन्या पुस्तकांचं दुकान आहे ती स्टेशनची इमारत १८८७ ची, त्यामुळे १८६० च्या दशकातला नकाशा आणि १८९० च्या दशकातला शेजारी लावले की तो कोपरा किती बदलला ते लगेच दिसतं.

कुंपणरेषा:
तुम्ही नेमकं योग्य गाव धरलंय! एम. आर. जी. काँझेन या मूळच्या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९६० मध्ये ॲनिकच्याच नकाशावर अख्खा अभ्यास लिहिला आणि गावांचे आराखडे वाचायची पद्धतच त्यातून उभी राहिली. माझं कळकळीचं सांगणं, इमारती नंतर बघा, आधी हद्दीच्या रेषा बघा. घरं पडतात, नवी होतात, पण जागेची हद्द सहसा हलत नाही कारण ती हलवायची तर शेजाऱ्याशी व्यवहार करावा लागतो. रस्त्याकडे अरुंद तोंड आणि मागे लांब शेपूट असे ते पट्टे म्हणजे मध्ययुगातले बर्गेज प्लॉट, गावकऱ्यांना भाड्याने दिलेल्या घराच्या जागा, बाँडगेटवर काँझेनला त्यांची रुंदी साधारण २८ ते ३२ फूट अशी परत परत सापडली. पुढचं घर रस्त्यावर, मागे बाग, मग लोकसंख्या वाढली तशी त्या बागेतच वर्कशॉप आणि भाडेकरूंच्या खोल्या भरत गेल्या, आणि आतल्यांना यायला-जायला वाट हवी म्हणून तुमचे ते बोळ. त्रिकोणाचंही तसंच, बाँडगेट, नॅरोगेट आणि फेंकल स्ट्रीट यांच्या मधली जागा मुळात मोकळा बाजार होती, तिच्यात हळूहळू पक्की बांधकामं घुसली. बाजारातली नॉर्थम्बरलँड हॉलची इमारत तर १८२६ ची आहे.

निळीशाई:
बापरे, हे वाचून आत्ताच बाँडगेटवर चक्कर मारावीशी वाटतेय. ऑर्डनन्स सर्व्हेच्या आधीचं काही मिळेल का?

कुंपणरेषा:
१७७४ चा गावाचा नकाशा आहे, काँझेननेही तो वापरलाय.

जुनादफ्तर:
टाइथ मॅप विसरू नका. चर्चला पिकाचा दहावा हिस्सा द्यायची पद्धत होती, १८३६ च्या कायद्याने त्याऐवजी पैशात रक्कम ठरवायची म्हणून जमिनींचे नकाशे काढले, सोबतच्या यादीत मालक, कसणारा, शेताचं नाव, पीक की कुरण सगळं. पण हा हिशेब शेतजमिनीचा होता, त्यामुळे गावाचा मध्य बऱ्याचदा नुसता एक ठोकळा दाखवलेला असतो, गावाच्या कडेची शेतं मात्र छान सापडतात. सरकारकडची प्रत लंडनला क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, तुम्हाला जवळ म्हणजे ॲशिंग्टनला वुडहॉर्नमध्ये काउंटीचं आर्काइव्ह आहे, तिथे आधी मेल करून विचारा. आणि कुठलाही ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा घेतला की समासात मोजणीचं साल आणि छपाईचं साल वेगवेगळं दिलेलं असतं, नोंद करताना मोजणीचंच लिहा, मध्ये बरीच वर्षं गेलेली असू शकतात.