मदत हवी आहे: सतरा अंकी संख्येच्या शेवटी शून्ये येत आहेत

पंचवटीकर: परवा मुलाच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन असून तक्त्यावर एका मोठ्या संख्येचे गुणधर्म लिहायचे आहेत. संख्या विषम असूनही संगणक शेवटी दोन शून्ये दाखवतो, त्यामुळे पुढचे सर्वच भागाकार बिघडतात. मूळ अवयव आणि विभाजकांची संख्या कृपया लवकर सांगावी.

सिडकोवासी: कोणती संख्या आणि संगणकावर काय वापरले, हे लिहिल्याशिवाय कोणी काय सांगणार?

पंचवटीकर: नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग. स्प्रेडशीट वापरली.

गणितप्रेमी: संगणक बाजूला ठेवून कागदावर उभा गुणाकार करावा. एकेक घर सरकलेल्या नऊ ओळींच्या बेरजेत कोठेही हातचा येत नाही, म्हणून १२३४५६७८९८७६५४३२१ हे उत्तर सरळ मिळते.

कॉलेजरोड: पायथॉनमध्ये पूर्णांकांना अशी मर्यादा नसल्यामुळे एका ओळीत अचूक उत्तर येते.

गणितप्रेमी: परीक्षक मुलाला गणित विचारतील, प्रोग्राम नव्हे.

सिडकोवासी: माझ्या ब्राउझरमध्ये शेवटी ३२० येते. मग खरे कोणते?

कॉलेजरोड: दोन्ही नाहीत. स्प्रेडशीट पंधरा सार्थ अंकच दाखवते, म्हणून ३०० येते. ब्राउझर २ च्या ५३ व्या घातापर्यंतचे, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचे, सर्व पूर्णांक अचूक साठवतो. त्यापुढे लगेच विषम संख्यांना जागाच उरत नाही, म्हणून ३२१ चे ३२० होते.

देवळालीकर: नाशिकच्या मुलाने गणितज्ञ कापरेकरांचा ६१७४ मांडावा. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिल्यास तो येतोच.

गणितप्रेमी: तो चार अंकी संख्यांचा विषय आहे, तेही चारही अंक सारखे नसतील तर, आणि प्रश्न तो नव्हताच. कापरेकरांचेच नाव घ्यायचे तर देवळालीच्या या शिक्षकाने अभ्यासलेल्या डेम्लो संख्यांत (जसे १२१, १२३२१) प्रस्तुत संख्या मोडते, हे तक्त्यावर जरूर लिहावे. नऊ एकांची संख्या म्हणजे ९ × ३७ × ३३३६६७. म्हणून तिच्या वर्गात ३ चा चौथा घात, तर ३७ आणि ३३३६६७ या दोन्ही मूळ संख्यांचे वर्ग येतात. घातांकांत एकेक मिळवून गुणाकार केला, की ५ × ३ × ३ = ४५ विभाजक मिळतात. अंकांची बेरीज ८१ असून तिनेही पूर्ण भाग जातो, म्हणजे कापरेकरांच्याच व्याख्येप्रमाणे ही हर्षद संख्याही ठरते.

पंचवटीकर: आभारी आहे. परीक्षकांनी दहा एकांचा वर्ग विचारला तर?

गणितप्रेमी: तेथे मधल्या स्तंभाची बेरीज दहा होऊन हातचा येतो आणि दोन्ही बाजूंची सममिती मोडते. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१.