पाहुण्यांसाठी घरातलं काय बदललंत?

आमच्या गच्चीवर ड्रममध्ये वांग्याची चार रोपं आहेत. मागच्या पावसाळ्याच्या तोंडाशी पिवळं पडलेलं पान खुडायला हात घातला, तर ते पान शेजारच्या पानाला शिवलेलं निघालं. शिंपी पक्ष्याचं घरटं! नंतर पिल्लं उडून गेल्यावर मी ते नीट पाहिलं. पानाच्या कडेला चोचीनं पाडलेली बारीक भोकं आणि त्यांतून ओवलेले कोळ्याच्या जाळ्याचे, कापसाचे धागे. गाठ कुठेच नाही. धाग्याचं टोक बाहेरच्या अंगाला पिंजारलेलं असतं, त्यामुळे तो मागे सरकत नाही. मी वीस वर्षं शिवणकाम केलं आहे, तरी बराच वेळ ते हातात धरून बसले होते.

ते घरटं होतं तोवर मी पाइपनं पाणी घालणं बंद केलं. मगात पाणी घ्यायचं, बुडाशी अलगद ओतायचं, खाली यायचं. पापडही दुसऱ्यांच्या गच्चीत घातले. त्या रोपाची वांगी झाडावरच पिकून पिवळी झाली.

पक्ष्यांची यादी आपण सगळेच करतो. मला दुसरंच ऐकायचं आहे. तुमच्या बागेत, अंगणात, खिडकीत कोण आलं आणि त्याच्यासाठी घरातली कुठली सवय मोडलीत? पक्षीच हवा असं नाही. फोटो नसला तरी चालेल. एक विनंती मात्र आहे: घरटं चालू असेल तर नेमकी जागा लिहू नका, आणि घरट्यात मोबाइल खुपसून काढलेला फोटो टाकू नका. त्या दोन मिनिटांत पक्षीण घाबरून कायमची निघून जाऊ शकते.

डोंबिवलीहून, तिसरा मजला

आमचा पाहुणा कढीपत्त्यावर आला. खिडकीतल्या ग्रिलमध्ये एकच कुंडी, सासूबाईंच्या हातची. एके दिवशी पानांवर पक्ष्यानं घाण केल्यासारखे काळे-पांढरे ठिपके दिसले. पुसायला गेले तर ठिपका हलला. ती लाइम नावाच्या फुलपाखराची अळी होती. लहान असताना ती मुद्दामच तशी दिसते, म्हणजे कुणी खायला धजत नाही. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि बोट लावलं तर डोक्यामागून केशरी दोन शिंगं बाहेर काढते. त्यांना असा काही उग्र वास येतो की हात आपोआप मागे येतो.

घरात पेच पडला. आठवडाभरात कुंडीत नुसत्या काड्या उरल्या. सासूबाई म्हणाल्या, "आमटीला फोडणी काय देऊ आता?" त्यांचं चूक नव्हतं, ते झाड त्यांनी बीपासून वाढवलं होतं. शेवटी मी नर्सरीतून दुसरं रोप आणलं. एक झाड फोडणीचं आणि एक झाड अळ्यांचं. फोडणीच्या झाडावर अळी दिसली की पान देठासकट तोडून दुसऱ्या कुंडीत ठेवायचं, ती आपली आपण चढते. हे काम आता सासूबाईच करतात. नर्सरीतल्या रोपावर आधी औषध मारलेलं असू शकतं, हे मला पहिल्या चार अळ्या मेल्यावर कळलं. आता नवं रोप आणलं की नवी पालवी फुटेपर्यंत ते बाजूला ठेवते.

सगळ्यांची फुलपाखरं होत नाहीत. एका कोषातून डासापेक्षाही बारीक गांधीलमाश्या निघाल्या, पंचवीस-तीस असतील. मला रडू आलं होतं. एकदा तर शिंपीच आला आणि माझ्या डोळ्यांदेखत दोन अळ्या उचलून गेला. हा विषय काढणाऱ्या ताई, तुमच्या शिंप्याची पिल्लं असल्याच अळ्यांवर वाढली असणार!

देवगडजवळच्या वाडीतून

नोकरी संपली आणि मी मुंबईहून घरी परतलो. वाडीला चिऱ्याचा जुना गडगा आहे, माझ्या आजोबांनी रचलेला, मध्ये सिमेंट नाही. तो दोन ठिकाणी ढासळला होता. गवंडी म्हणाला, सगळा पाडून सिमेंटात बांधू, पन्नास वर्षं बघायला नको. मी पैसेही काढून ठेवले होते.

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी त्या गडग्यातून धामण बाहेर आली. माझ्या उंचीपेक्षा लांब. ती शांतपणे सुपारीच्या आळ्यातून पलीकडे गेली. आमच्याकडे दिवेलागणीनंतर सापाचं नाव घेत नाहीत, 'जनावर' म्हणतात. माझी आई ह्या धामणीला मात्र नेहमी 'घरची' म्हणायची. धामण बिनविषारी, उंदरांवर जगणारी. तिच्यामागोमाग चार दिवसांत मी त्याच गडग्यात मुंगूस पाहिलं, सापसुरळी पाहिली, आणि फटीफटीतून चोच घालून शोधत जाणारा भारद्वाज पाहिला. लाल डोळे, विटकरी पंख. त्याचं दर्शन शुभ मानतात. मला वाटतं ज्याच्या गडग्यात त्याला खायला मिळतं त्याच्याच अंगणात तो दिसतो, आणि तेच शुभ.

गडगा तसाच ठेवला. ढासळलेले चिरे गड्याला घेऊन पुन्हा सुके रचले. रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि बूट हवेतच, कारण गडग्यात येणारं प्रत्येक जनावर धामण नसतं. लाकडाचा ढीगही आता मी घरापासून लांब ठेवतो. शिवाय उंच झाडावरच्या दोन पपया कांडेचोरासाठी, म्हणजे उदमांजरासाठी, ठेवतो. तो आढ्यावरून चालतो तेव्हा कौलं वाजतात, आता त्या आवाजानं झोप मोडत नाही.

ठाण्याहून

आमच्याकडे नवरंग आला, तोही पडून. मे संपत आला होता, पहाटे बाल्कनीच्या काचेवर धप्प आवाज झाला. बाहेर पाहिलं तर मूठभर पक्षी. हिरवी पाठ, खांद्यावर चमकता निळा, शेपटीखाली लाल, डोळ्यांवरून काळा पट्टा. चोच उघडी, डोळे मिटलेले. पावसाच्या आधी हे पक्षी विणीसाठी येतात, रात्री प्रवास करतात, आणि थकलेले असताना शहरातल्या दिव्यांत न् काचांत सापडतात.

बुटांच्या खोक्याला भोकं पाडली, आत जुना टॉवेल घातला, त्याला हळूच ठेवून झाकण लावलं आणि अंधाऱ्या खोलीत ठेवलं. पाणी पाजलं नाही. आपण प्रेमानं चोचीत पाणी घालतो आणि ते श्वासनलिकेत जातं. तासाभरानं आतून खडखड ऐकू आली. गच्चीत नेऊन झाकण उघडलं. दोन क्षण बसला आणि येऊरच्या जंगलाच्या बाजूला गेला.

त्या रविवारी काचेवर बाहेरच्या अंगानं चार-चार बोटांच्या अंतरानं पांढऱ्या दोऱ्या सोडल्या. घरी येणारे विचारतात, हे काय. मी सांगतो. आतापर्यंत खालच्या दोन घरांनीही दोऱ्या सोडल्या आहेत.

माण तालुक्यातून

आमचं जुनं घर माळवदाचं. तुळईच्या खाचेत आणि देवाच्या फोटोमागं चिमण्या असायच्या. काड्या जेवणाच्या ताटात पडायच्या, पण घरटं काढायचं नाही हा आजीचा कायदा. घर पाडून स्लॅबचं बांधलं आणि चिमण्या गेल्या. २० मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो, २०१० पासून. त्याची हाक आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी दिली. ते वाचून मी सव्वा इंच भोकाची लाकडी खोकी आणून लावली. दोन वर्षं रिकामी. चिमण्यांनी जागा धरली ती विजेच्या मीटरच्या पेटीमागं! म्हणून मीटरशेजारचा दिवा बदलायचा राहिला आहे, आणि दारात ज्वारीचं एक कणीस टांगलेलं असतं.

दादरहून

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, काहींना दुखेलही. आई रोज खिडकीत कबुतरांना ज्वारी टाकायची. वडील गेल्यानंतर तो तिचा दिवसातला एकच आवडता वेळ होता. पण तिचा खोकला थांबेना. फुप्फुसांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न कबुतरांचा विचारला. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासातून जाते, त्यानं फुप्फुसं कायमची खराब होऊ शकतात. दाणे बंद केले. आई आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही.

मग खिडकीत एक्झोरा आणि जास्वंद लावली. कबुतरं हटली तशी जागा मोकळी झाली, आणि पावसाळ्यानंतर शिंजीर येऊ लागला. अंगठ्याएवढा पक्षी, चोच वाकडी, क्षणभर फुलासमोर आणि गायब. आई आता खुर्ची घेऊन त्याची वाट बघते. त्याला काही द्यावं लागत नाही, हे तिला अजून थोडं खटकतं.

वर्ध्याहून

आमच्याकडे नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, कसा असतो ते इकडच्यांना सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे. अंगणातल्या कडुनिंबाखाली मातीचं पसरट भांडं ठेवतो. तीन गोष्टी शिकलो. भांडं उथळ हवं, दोन बोटं पाणी पुष्कळ झालं. मध्ये एक खडबडीत दगड ठेवायचा, म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत, खारीचं पिल्लूही पडलं तर चढून येतं. आणि रोज सकाळी नारळाच्या शेंडीनं घासून पाणी बदलायचं, नाहीतर पक्ष्यांच्या नावानं आपण डास पाळतो.

पण मला सांगायचं आहे ते पावशाचं. माझे वडील शेतकरी. 'पेरते व्हा, पेरते व्हा' ऐकू आलं की ते तिफण काढून तिचे फण तपासायचे. आवाज साऱ्यांच्या ओळखीचा, पक्षी मात्र मी पन्नाशीपर्यंत नीट पाहिला नव्हता. पाहिला तो असा. ऑगस्टमध्ये पाण्याच्या भांड्याजवळ सातभाईंचा घोळका उतरला, नेहमीसारखा कलकलाट करत. मध्ये एक पिल्लू, त्यांच्यापेक्षा मोठं, पोटावर तपकिरी खुणा, अंगानं शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखं. ते तोंड वासून ओरडतंय, आणि एक झाला की दुसरा सातभाई त्याच्या तोंडात किडा भरवतोय. ते पावशाचं पिल्लू होतं. सातभाईचं अंडं निळं, पावशाची मादी त्यांच्या घरट्यात घालते तेही निळंच. जो पक्षी आमच्या सगळ्या गावाला पेरायला सांगतो, त्याची पिल्लं अशी दुसऱ्यांच्या कष्टावर मोठी होतात.

मला राग येईल असं वाटलं होतं, आला नाही. ते सातभाई इतक्या मनापासून भरवत होते. तेव्हापासून अंगणातला पाला जाळणं बंद केलं. सातभाई पाला उलटून किडे शोधतात, आणि आता त्यांना पोटं जास्त आहेत. कोपऱ्यात पाल्याचा ढीग असतो. शेजारी कचरा म्हणायचे, यंदा त्यांनी त्यातलंच खत वांग्यांना नेलं.

इंग्लंडमधल्या लेस्टरहून

इथे घरामागे हातरुमालाएवढी बाग असते आणि भोवती लाकडी कुंपण. आम्ही कुंपणाच्या तळाशी १३ सेंटिमीटर लांबी-रुंदीचं भोक पाडलं आहे. ते काटेरी हेजहॉगसाठी. तो रात्रीतून बागाबागांतून किलोमीटर-दीड किलोमीटर हिंडतो, आणि अखंड कुंपणं त्याला अडवतात. भोक पाडायला शेजारच्या आजींची परवानगी हवी होती. दहा वर्षं नुसतं 'हॅलो' होतं, त्या निमित्तानं पहिल्यांदा चहा झाला.

जानेवारीच्या अखेरीस इथे लोक एक तास आपल्या बागेतले पक्षी मोजून कळवतात. पक्ष्यांसाठी काम करणारी आरएसपीबी ही संस्था १९७९ पासून हे करते आहे. आई-बाबा आले होते तेव्हा आईनंही मोजले. ती खुरप्यानं माती उकरत होती आणि लाल छातीचा रॉबिन तिच्या हातभर अंतरावर येऊन गांडुळं टिपू लागला. आई मराठीत त्याच्याशी बोलत होती: "थांब रे, देते." यंदा माझ्या मुलीनं यादीत रॉबिनपुढे '१, आजीचा' असं लिहिलं.

कोल्हापूरहून, बारावीत आहे

आमच्या दारातल्या गुलमोहराच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी आहे. संध्याकाळी एकाच फांदीवर बसून मान वरखाली करतात. समोरचे काका म्हणाले, घुबडाची जात आहे, फांदी तोडा, घरात आजारी माणूस आहे. आई घाबरली होती. मी फांदीखालच्या गोळ्या गोळा केल्या. घुबडं न पचलेलं खाणं गोळी करून तोंडातून टाकतात. त्या कोमट पाण्यात भिजवून चिमट्यानं सोडवल्या, तर भुंग्यांची चमकती कवचं, नाकतोड्यांचे पाय, आणि एका गोळीत उंदराचा अख्खा जबडा, दातांसकट. वहीच्या पानावर चिकटवून काकांना नेऊन दाखवलं. ते बराच वेळ भिंगातून बघत होते. काही बोलले नाहीत. फांदी आहे अजून. गेटवरचा मोठा दिवा मात्र ते आता रात्री दहाला बंद करतात.

पुन्हा डोंबिवलीहून

लिहून गेले होते, पण आजचं सांगायलाच हवं. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर एक कोष होता. सकाळी सातला फुटला. पंख ओल्या कागदासारखे चुरगळलेले, तासभर तसंच लटकून होतं. सासूबाईंनी पंखा बंद केला, एक्झॉस्ट बंद केला, आणि दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभ्या राहिल्या, पण नजर चौकटीवर. सव्वाआठला ते खिडकीतून गेलं. चहाला आज उशीर झाला.