मदत हवी आहे: बेली डान्समधली शिमी, गुडघे आणि कथकची सवय

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये सफकमधल्या बरी सेंट एडमंड्सला राहते. बुधवार-शनिवारी बाजार भरणारं जुनं गाव आहे हे. इथल्या एका चर्चच्या हॉलमध्ये सहा आठवड्यांपासून इजिप्शियन बेली डान्स शिकतेय, आणि मनापासून आवडतोय.

अडलंय ते शिमीत, म्हणजे कंबर भरभर थरथरवण्यात. कथकमुळे मकसूम या अरबी तालाचा ठेका, म्हणजे ‘दुम तक तक दुम तक’, लगेच कळला. पण कथकमध्ये गुडघे ताठ ठेवून पाय आपटायची सवय. इथे गुडघे सैल ठेवून आळीपाळीने पुढेमागे करायचे, म्हणजे कंबर आपोआप हलते. संथ लयीत जमतं. लय दुप्पट झाली की मांड्या आवळतात आणि कमरेच्या ओढणीची नाणी फक्त डावीकडेच वाजतात!

आरशासमोर, भिंतीला पाठ टेकवून, रोज दहा मिनिटं करून पाहिलं. गुडघे दुखत नाहीत, जुनी दुखापतही नाही. बाई छान शिकवतात, पण वर्गात पंधराजणी, वेगळा वेळ मिळत नाही. खासगी शिकवणी सध्या परवडणार नाही.

कथक किंवा भरतनाट्यम करून बेली डान्सकडे वळलेल्यांना विचारायचंय: द्रुत लयीत गुडघा मागे पूर्ण सरळ होऊ द्यायचा, की थोडा वाकलेलाच ठेवायचा? आणि उजवी बाजू मोकळी व्हायला नेमकं काय केलंत?