मॅकलॉफ्लिन यांच्या गिटारबद्दल थोडं

अध्यात्मगुरू श्री चिन्मय यांच्याकडून 'महाविष्णू' हे नाव मिळालं आणि ब्रिटिश जॅझ गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन भारतीय संगीताकडे वळले. पण नुसत्या भक्तीने गिटारवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही. त्यासाठी त्यांना वाद्यच बदलावं लागलं, आणि तो भाग मला फार मोलाचा वाटतो.

कर्नाटक संगीताचे गुरू एस. रामनाथन यांच्याकडे ते वीणा शिकले. 'शक्ती' या त्यांच्या भारतीय वादकांसोबतच्या बँडसाठी गिटार बनवणारे कारागीर एब वेक्टर यांनी त्यांना खास गिटार बांधून दिली: पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं आणि मुख्य तारांखालून तिरक्या जाणाऱ्या सात तरफा, म्हणजे मुख्य सुरांबरोबर आपोआप गुंजणाऱ्या तारा.

साध्या गिटारवर तार आडवी खेचताना बोटाचं टोक लाकडावर घासतं. खोलगट पट्टीवर बोट फक्त तारेलाच लागतं, त्यामुळे लांब मींड येते, तार खाली दाबूनही गमक (सुराला दिलेलं आंदोलन) काढता येतो. मात्र हात जड असेल तर प्रत्येक सूर चढा लागतो. पाश्चात्त्य वादकाचा सवयीने घट्ट बसलेला डावा हात इथे हमखास अडतो.

दुसरी मेख अवरोही, म्हणजे वरून खाली उतरणाऱ्या, मींडेची. तार खेचली की सूर वरच जातो. म्हणून पमगरे उतरायचं तर रेच्या पडद्यावर तार आधी पंचमापर्यंत खेचून धरायची, मग छेडायची आणि हळूहळू सोडायची. छेडण्याआधी पंचम ऐकू येत नाही, तो मनात पक्का लागतो. तरफा तर रागागणिक नव्याने लावाव्या लागतात. किंचितही उतरल्या तरी गुंजत नाहीत.